‘ओलं सिमेंट’चे शेवटचे चौदा सेकंद

६ फेब्रुवारी, गुरुवार

तिसऱ्यांदा मागे नेलं. ‘खरड’मधलं चौथं गाणं. रणजीत ओरडण्याआधी श्वास घेतो, तेवढंच ऐकत होतो.

पहिला अल्बम. अकरा गाणी, एकोणीस मिनिटं. भोसरीला अजिंक्यच्या काकांच्या शेडमध्ये, फक्त गुरुवारी. त्या दिवशी एमआयडीसीला सुट्टी, शेजारचे पत्रा ठोकणारे प्रेस बंद. आवाज करायला आठवड्यातला तेवढाच शांत दिवस! ड्रम अजिंक्यचे, गिटार माझी, घसा रणजीतचा. शब्द माझे. एमएला असताना लिहिलेले.

रेकॉर्ड कंपनी चालवणारा सुजित आमचे तिन्ही अल्बम तबकडीवर काढतोय. टिपण मागितलंय माझ्याकडे — ‘पत्रा’ या बँडचा आवाज कसा बदलत गेला. दोन पानं. शिवाय ‘खरड’मधलं हे चौथं गाणं नव्याने हवंय, रणजीतच्याच आवाजात. “तो नसेल तर कशाला काढायचं हे सगळं?” म्हणाला.

रणजीतला आठ वर्षांत मी फोन केलेला नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

टिपणाची सुरुवात. ‘खरड’ म्हणजे राग. दुसऱ्या, ‘ओलं सिमेंट’मध्ये गाणी लांबली, गिटार स्वच्छ झाली, रणजीतचा आवाज मागे गेला. तिसऱ्या, ‘पार्किंग’मध्ये रणजीत नाहीच. करिष्मा गाते. कीबोर्ड आहे. वाकडच्या अकराव्या मजल्यावरून दिसणारे दिवे आहेत. चांगला अल्बम आहे. कुणालाही त्रास होत नाही.

मुलाखतींत मी म्हणायचो, आम्ही प्रगल्भ झालो.

सगळं खोडलं.

९ फेब्रुवारी, रविवार

एक ओळही नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

अजिंक्यचा फोन. तू करणार नाहीस म्हणून मीच केला, म्हणाला. रणजीत येतोय. वीस तारखेला, शेडमध्येच.

“आणि काय म्हणाला माहितीय? वायरी चिकटपट्टीनं नीट चिकटवून ठेव, न्हाईतर परत लाथ मारीन!”

अजिंक्य हसत सुटला. मी म्हटलं, मीटिंग आहे, ठेवतो. मीटिंग नव्हती.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

लिहूनच टाकतो. इथे तरी.

२०१७. दुसऱ्या अल्बमचं शेवटचं गाणं. मला हिंजवडीत नोकरी लागली होती, म्हणून रेकॉर्डिंग गुरुवारचं रविवारी सकाळी आणलं, शेजारचे प्रेस सुरू व्हायच्या आत. माझ्या सोयीने. रणजीतला रविवारी काम. तो चाकणला प्रेसशॉपमध्ये तिसरी पाळी करून, न झोपता थेट शेडवर आला. अंगावर युनिफॉर्म, पायांत सेफ्टी शूज.

गाण्याच्या शेवटी माझ्या चार ओळी होत्या. तीन महिने घासलेल्या. त्या त्याने म्हटल्याच नाहीत. त्याऐवजी ओरडला — “आये, दार उघड!” पुन्हा. पुन्हा. चौदा सेकंद.

त्याची आई, अंबुबाई, जाऊन महिना झाला होता. मला माहीत होतं. रात्रपाळीहून आला की ती दार उघडायची, तेही माहीत होतं. तिच्या हातचं खाल्लंय मी.

अजिंक्यने काठ्या खाली ठेवल्या. म्हणाला, “हेच ठेवायचं.”

निघताना रणजीतचा बूट वायरीत अडकला. एक्स्टेंशन बोर्डचा प्लग निसटला, कॉम्प्युटर बंद. तो घाबरला. मी म्हटलं, जा तू, झोप, मी बघतो.

बघितलं. टेक शाबूत होता. पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. त्याच्यापुढे माझ्या चार ओळी म्हणजे वहीतलं अक्षर. मग मी तो पुसला.

दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं, फाईल उडाली.

— माझाच पाय लागला राव. माती केली मी.

— असू दे, मी म्हणालो.

असू दे!

पुन्हा करू, असंही म्हणालो. “ते परत न्हाई व्हायाचं,” म्हणाला. मग एका रविवारी आला नाही, मग पुढच्या. मी विचारलं नाही.

अल्बममध्ये त्या जागी नुसती अँप्लिफायरची घरघर आहे. कुणीतरी लिहिलं, इथे हा बँड मौन शिकला. ते कात्रण मी जपून ठेवलंय. त्या मौनावर तिसरा अख्खा अल्बम उभा केला.

१६ फेब्रुवारी, रविवार

जुनी हार्डडिस्क घेऊन चिंचवडला गेलो, पुसलेलं परत निघतं का बघायला. दुकानदार बराच वेळ खटपट करत होता. “साहेब, त्या जागेवर तुम्ही लग्नाचा व्हिडिओ टाकलाय. तो पाहिजे का? तो मस्त आहे.”

१९ फेब्रुवारी, बुधवार

चाकणला गेलो. पहिली पाळी सुटल्यावर तळेगाव चौकात चहाला भेटलो. रणजीतचे केस विरळ झालेत. पोट सुटलंय.

“काय भावा! वाकडला मराठी बोलत्यात का अजून?”

आता लाईन लीडर आहे. हाताखाली बावीस पोरं. “दिसभर वरडतोय त्यांच्यावर. घसा तयार हाय. तुझ्या बोटांचं बघ, टायपिंग करून मऊ पडली आसतील.”

सांगितलं. घरून ठरवून गेलो होतो, समजावून सांगायचं, तेव्हाचं माझं वय सांगायचं, मत्सर हा शब्द वापरायचा. प्रत्यक्षात तीन वाक्यं झाली. फाईल उडाली नव्हती. मी पुसली. तू चांगलं गायला होतास म्हणून.

तो रस्त्याकडे बघत राहिला. कंटेनर एकामागे एक उभे होते.

“अजिंक्यला म्हाईत हाय?”

“नाही.”

चहावर साय धरली. त्याने बोटाने बाजूला केली. प्यायला नाही.

“आठ वर्सं मी कुणाच्या बी घरात गेलो ना, आधी खाली वायरी बघतो.”

मी मूर्खासारखं विचारलं, टिपणात लिहू का हे.

“लिव्ह की. तुझं कामच ते हाय.” मग उठला. “उद्या किती वाजता?”

“नऊ.”

गाडीला किक मारली, गेला. घरी येताना मोशीपर्यंत वाटत होतं, नाही येणार. मोशीनंतर वाटायला लागलं, न आला तर बरं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी नऊला आला. अजिंक्यला मिठी मारली. गाणं एकाच टेकमध्ये झालं. आवाज तसाच आहे.

हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

“बघा सर,” मला म्हणाला, “नीट आलंय का.”

आलं होतं.