तोंडात टाचण्या

३ मार्च
वही नातीची, अक्षर तिचं, बडबड माझी. मला कुठलं अक्षर येतंय! "मनात साठवू नकोस आजी, सांग, मी लिहिते." मनात काही नाहीच. परवा ह्यांचं उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यात आहेत. मी चादरींच्या घड्या घालतेय. रडू येत नाही. — "हेही लिहू?" लिही गं बाई.

४ मार्च
नर्स इथलीच, मुलाच्या या परक्या देशातली. आपली भाषा तिला येत नाही. म्हणून मुलाने मोठ्या अक्षरात प्रश्नांची कार्डं करून दिलीत. ती दाखवते, हे वाचून मान हलवतात, ती कागदावर खूण करते. मी बसते. कार्डं काय, कागद काय, मला सारखेच!

६ मार्च
मुलगा आला, बूटही काढले नाहीत. "आई, घरी जायचं का, रोज विचारतात. बाबा नाही म्हणतात." म्हणजे आता वृद्धाश्रम. सोमवारी सह्या. "दुखत तरी नाही म्हणे काही."
चला, तेवढं बरं.
त्रेपन्न वर्षं! दूध उतू गेलं. बघत राहिले.

७ मार्च
गेले नाही.

९ मार्च
नातीने ओढून नेलं. नर्सने चहाचं कार्ड दाखवलं. ह्यांनी मान डोलावली — या खांद्याकडे, त्या खांद्याकडे. आणि ती कप घेऊन चालली!
"अगं बये, हो म्हणतायत ते!"
शिंपी माणूस. जन्मभर तोंडात टाचण्या. वाढू का? — मान. दिवा मालवू का? — मान. लग्नालाही असाच होकार दिला. माझ्या आत्याला वाटलं, मुलाची मान लचकलीय.
नातीने नर्सला समजावलं. इथे म्हणे अशी मान म्हणजे 'नाही'. बिचारीचा चेहरा पडला. मी घरचं कार्ड मागून घेतलं, ह्यांच्यापुढे धरलं.
"आजी, उलटं धरलंयस!"
ह्यांना उलटंही कळलं. डोलावली. दोनदा.
मुलाने वृद्धाश्रमाला नको म्हणून कळवलं. मी पलंग खिडकीशी सरकवून घेतला. उद्या घरी येताना ह्यांना चिडवायचं — आधी टाचण्या थुंका!

१० मार्च
नर्सने सगळ्या दिवसांचा कागद नातीपुढे ठेवला. नात वाचता वाचता थांबली. मी म्हटलं, वाच.
"दुखतं का?" — रोज तीनदा विचारलंय. रोज तीनदा 'नाही'.