इलिंका इथेच राहणार

१ सप्टेंबर, सोमवार
नवी शिकाऊ डॉक्टर आली. इलिंका. क्लुज शहरातली. मुक्काम तीन महिने. आजवर माझ्याकडे अकरा शिकाऊ आले. एकही गावात टिकला नाही. चौघं जर्मनीत. पण ती खोगीरभरती होती. ही राहणार. मी एकाहत्तरचा, दवाखाना हिच्या हाती देऊन मोकळा होईन.
निश्चय : पोरीला जराही त्रास द्यायचा नाही.

९ सप्टेंबर
पेशंट सगळे मीच तपासतो. तिने शेजारी बसून बघायचं. ट्रेनिंग असंच मुरतं. नर्स साव्हेता म्हणाली, "डॉक्टरसाहेब, पोरगी काय खुर्ची उबवायला आलीय? सुई तरी धरू द्या तिला." नर्सला शिक्षणातलं काय कळणार!

२२ सप्टेंबर
इलिंकाला डोंगर दाखवला. मेंढपाळाकडचं चीज खाऊ घातलं. उतरताना तिने विचारलं, "सर, वरच्या वस्तीतल्या बाळंतिणीला मी एकटी बघून येऊ?" म्हटलं, दमशील. झपझप पुढे उतरत गेली. भारावली असावी.

७ ऑक्टोबर
लाकूडतोड्या तोआदेर खोकत आला. छाती साफ. सर्दीच्या गोळ्या दिल्या. इलिंका म्हणाली, "मी एकदा ऐकू?" पेशंटसमोर! म्हटलं, मी ऐकलंय.

८ ऑक्टोबर
शिस्त म्हणून काही उरलीच नाही. इलिंका साव्हेताला घेऊन परस्पर तोआदेरच्या घरी गेली. न्यूमोनिया निघाला म्हणे. तालुक्याला हलवला. आणखी एक दिवस गेला असता तर... स्टेथोस्कोप जुना झालाय. नवा मागवतो.

२० ऑक्टोबर
तोआदेर बचावला. त्याच्या बायकोने इलिंकासाठी कोंबडी आणली. दवाखान्याच्या वतीने मी स्वीकारली.
हल्ली पेशंट अकराला येतात, नेमका मी कॉफीला जातो तेव्हा. शेतीची कामं असावीत.

२८ नोव्हेंबर
निरोपाचं जेवण. इलिंकापुढे किल्ली ठेवली. म्हटलं, दवाखाना तुझा. मी नुसता बसत जाईन. सकाळी. आणि दुपारी.
म्हणाली, "सर, मी खेड्यातच काम करणार. इथे आले म्हणूनच ठरलं."
जिंकलो! बाटली उघडायला उठलो.
"पण घाटापलीकडे. ब्रादेत गावात. तिथे आठ वर्षं डॉक्टर नाही."
म्हटलं, आणि इथे?
"इथे तुम्ही आहात."
कौतुकच ते. साव्हेता भांडी विसळत होती. वळूनसुद्धा बघितलं नाही तिने.

९ जानेवारी
आठवडाभरात दोन पेशंट. गावाची तब्येत सुधारली. तीस वर्षांच्या मेहनतीचं फळ. नव्या शिकाऊसाठी अर्ज केला होता. जिल्ह्याच्या ऑफिसचं उत्तर आलं, यापुढे शिकाऊ ब्रादेतला जातील. टायपिस्टची चूक. उद्या फोन करतो.

१२ जानेवारी
फोन केला. चूक नाही.

१९ जानेवारी
सकाळी आतल्या खोलीचं दार उघडलं तर बाकडी भरलेली! नऊ जण. कोट चढवला, हात धुतले, आवाज दिला : चला, पहिलं कोण?
कोणी उठेना. सगळे बुटांकडे बघायला लागले. शेवटी तोआदेरची बायको म्हणाली, "रागावू नका, डॉक्टरसाहेब. ब्रादेतला जाणारी बस लेट आहे. बाहेर बर्फ पडतोय, आणि तुमच्याकडे शेगडी असते."
शेगडीत दोन लाकडं टाकली. बस येईपर्यंत त्यांच्याबरोबर बसलो.