कच्चे नकाशे पुसणारा प्रोग्राम

प्रिय ठमे,

तुझे फोन मी मुद्दामच घेतले नाहीत. कामात होते वगैरे काही नाही. फोनवर तू हसायला लागलीस की माझा राग कुठल्या कुठे पळतो, आणि या वेळी मला तो पळू द्यायचा नाहीये. म्हणून हे पत्र. आई मजेत आहे, गुडघा आता तिला जिना चढू देतो. बाबांनी मात्र ऑफिस सोडायचं मनावर घेतलंय. पुरे झालं रेघा मारणं, म्हणतात, आता दुसऱ्या कुणीतरी सांभाळावं. हे दुसरं कुणीतरी कोण, यावर ऑफिसात पैजा लागल्यात, आणि मी त्यांच्या शेजारच्याच टेबलावर बसत असूनही माझ्यावर पैज लावायला कुणी तयार नाही. मला हे ऑफिस हवंय, ठमे. कॉलेज संपलं तेव्हापासून हवंय. आणि मला तुझा हेवा वाटतो. आडवळणाने लिहून काय उपयोग? पोटात दुखतंय तर दुखतंय.

तुला आठवतं, एखाद्या इमारतीचा नकाशा पक्का झाला की बाबा आपल्या दोघींना फरशीवर बसवून कच्चे नकाशे फाडायला लावायचे? एकही कच्चा कागद मागे राहता कामा नये, गवंड्याच्या हाती चुकून जुना नकाशा लागला तर खिडकीच्या जागी भिंत उभी राहील, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी पट्टी लावून सरळ रेषेत फाडायची आणि तुकडे पिशवीत भरायची. तू कागदाचा मुकुट करून डोक्यावर घालायचीस आणि टेबलावर चढून हुकूम सोडायचीस. बाबा हसून हसून खोकायला लागायचे. मग त्या मुकुटाचेही तुकडे मलाच करावे लागायचे, कारण तोही कच्चा नकाशाच होता. तेव्हापासूनचं आहे हे, आजचं नाही.

पुढे कागद गेले, कॉम्प्युटर आले, पण बाबांचा नियम तोच राहिला. काम पक्कं झालं की त्याचं कच्च्या नकाशांचं फोल्डर मुळासकट पुसायचं. फोल्डर रिकामं झाल्याशिवाय पुसता येत नाही, आणि आपल्याकडे फोल्डरच्या आत फोल्डर, त्याच्याही आत फोल्डर. म्हणून प्रोग्रामने पार आत उतरायचं, तिथलं साफ करायचं आणि एकेक दार ओढून घेत बाहेर यायचं. त्यात मशीनं तीन तऱ्हांची: नकाशे काढायची विंडोजवर, छपाईचं मॅक आणि साठवणीचं लिनक्सवर. विंडोज कुणाच्या स्क्रीनवर उघडी असलेली फाइल पुसू देत नाही, तर लिनक्स कुणाला न विचारता पुसून मोकळं होतं. मी तिन्हींसाठी तीन वेगळे प्रोग्राम लिहिले होते. वर्षानुवर्षं चालले, आणि बाबांनी कौतुकाचा चकार शब्द काढला नाही. तू सुट्टीवर आलीस आणि एका दुपारी सोफ्यावर पाय पसरून तिन्हीकडे चालणारा एकच प्रोग्राम लिहिलास. उघडी फाइल भेटली की माझा प्रोग्राम रुसून अर्ध्यावर बसायचा. तुझा जरा थांबून पुन्हा प्रयत्न करायचा, नाहीच जमलं तर पुढे जायचा आणि शेवटी काय काय राहिलं ते सांगायचा. बाबांनी नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही तो दाखवला! सासूने सुनेचा स्वयंपाक चाखावा तसा मी तुझा कोड ओळ न् ओळ वाचला. खोट काही सापडली नाही. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मग गेल्या महिन्यात ते शाळेच्या इमारतीचं झालं. आईने तुला अर्धवट सांगितलं असेल. साठवणीच्या मशीनवर प्रत्येक कच्च्या फोल्डरमध्ये आपण एक जोड ठेवतो ना, दिसायला फोल्डर, पण आत स्वतःचं काही नाही, नुसता पक्क्या नकाशांच्या कपाटाकडे जायचा रस्ता? पुसताना फक्त तो रस्ता काढायचा, पलीकडच्या कपाटाला हात लावायचा नाही. शाळेच्या कामात आपल्या आरेखक काकांच्या सोयीसाठी तशीच जोड पहिल्यांदा विंडोजच्या मशीनवर केली. तुझा प्रोग्राम तिन्हीकडे चालतो असं तू छातीठोकपणे सांगितलं होतंस, म्हणून मी नेहमीसारखा तो चालवला. तो त्या रस्त्याने थेट पलीकडे गेला आणि शाळेचे सगळे पक्के नकाशे, वर्गांपासून जिन्यांपर्यंत, शिस्तीत पुसून परत आला. बाबांनी मला सगळ्यांसमोर झापलं. इतकी वर्षं काढून तुला साधा प्रोग्राम चालवता येत नाही, म्हणाले, तुझ्यावर कुणी काही सोपवायचं तरी कसं? चूक प्रोग्रामची असेल असं एकाच्याही मनात आलं नाही, माझ्याही नाही. जपून ठेवलेली प्रत जुनी निघाली. शेवटी मी बांधकामावर जाऊन मुकादमाकडून सिमेंटने माखलेला छापील नकाशा मागून आणला आणि काकांना सोबत घेऊन अख्खी शाळा पुन्हा काढली. तेवढे दिवस बाबा माझ्याशी कामापुरतंच बोलत होते.

काम हातावेगळं झाल्यावर मी तुझा कोड पुन्हा उघडला. आत शिरण्याआधी तू विचारतेस, हे खरं फोल्डर आहे की जोड? लिनक्सवर आणि मॅकवर उत्तर बरोबर येतं. विंडोजवरची ही जोड निराळ्या जातीची. तुझ्या प्रश्नाला ती सरळ सांगते की मी जोड नाहीच, आणि प्रोग्राम बिनदिक्कत आत जातो. तू तुझ्या चकचकीत मॅक लॅपटॉपवर करून पाहिलंस, साठवणीच्या मशीनवर पाहिलंस, नकाशांच्या मशीनवर अशी जोड ठेवून पाहिलंच नाहीस. दोन ओळींची दुरुस्ती होती, ती मी केली. खोटं कशाला बोलू, ती खोट सापडली तेव्हा मला इतका आनंद झाला की खुर्चीत बसवेना. उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले. बाबा शेजारीच चष्मा पुसत होते. सांगायला तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं.

बाबांचं ठरलंय. ऑफिस तुला द्यायचं. काल मला जवळ बोलावून म्हणाले, धाकटीला तूच लिही, तू बोलावलंस तर ती नाही म्हणणार नाही. तर बोलावते आहे, ये. पण मी गप्प का राहिले तेही ऐकून ये. तुला पाठीशी घालायला नाही, तसलं काही मनात आणू नकोस. मी सांगितलं असतं तर ते हसले असते, राहिलं असेल पोरीकडून, म्हणाले असते, आणि ते मला माझ्या डोळ्यांनी बघवलं नसतं. तेव्हा चावी हातात घेण्याआधी तूच त्यांना सांग की शाळा तुझ्या प्रोग्रामने पुसली. मला झापलं तसं सगळ्यांसमोर सांग. मी माझ्या टेबलावर बसलेली असेन. तुझ्यावर ते माझ्याइतकेच भडकले, तर मी तुझ्या हाताखाली जन्मभर नकाशे काढीन आणि तोंडातून ब्र काढणार नाही. हसले, तर मी तिथूनच उठून जाईन, आणि तू मला थांबवायचं नाहीस.

अजून तरी तुझीच,
ताई