नामदेव आमच्याकडे राहायला आला

१३ जून १९९६, नेरूळ
विट्याहून चुलतभाऊ नामदेव आला. पत्र्याची ट्रंक, डोक्याला चपचपीत तेल. काका घर सोडून गेलेत, काकू तिच्या माहेरी. दहावीचं वर्ष वाया जायला नको म्हणून नामदेव आमच्याकडे, माझ्याच वर्गात. मी मोठ्या मनाने त्याला खिडकीजवळची माझी कॉट द्यायचं ठरवलं. आईने आधीच दिली होती.
संकल्प : त्याला इंग्लिश शिकवायचं. बिचारा इथल्या पोरांत बुजायला नको.

२२ जून
सोसायटीच्या ऑफिसात कॅरम. बाबांनी नामदेवला पार्टनर घेतलं. मला कधी घेतलं नाही. अर्थात मी एकट्यानेच चांगला खेळतो.
मी जळत नाही. फक्त नोंद करून ठेवतोय.

८ जुलै
दुसऱ्या मजल्यावरच्या प्राचीचं माझ्यावर प्रेम आहे. तिला अजून कल्पना नाही. आज जिन्यात ती नामदेवच्या 'आलतो, गेलतो'वर हसली. म्हणजे छान हसली. मी वर्षभर तिच्याशी इंग्लिशमध्ये बोलतोय, एकदाही हसली नाही. उद्यापासून मीपण गावाकडचं बोलणार.

९ जुलै
बोललो. प्राचीने विचारलं, घसा बसलाय का.

२ ऑगस्ट
युनिट टेस्ट. नामदेवला गणितात माझ्याहून जास्त. इंग्लिशमध्येपण. म्हणजे मी शिकवतो चांगलं. आईने शिरा केला. मलाही वाटीभर मिळाला, पण तो त्याचा शिरा होता.

११ ऑगस्ट
शांतपणे विचार केला. नामदेवकडे असं काय आहे? घरात भांडण! म्हणून तर प्राचीची आई त्याला वाटीतून खीर पाठवते. आमच्याकडे भांडणच नाही. बाबा न्हावा शेवा बंदरातली ड्युटी करून येतात, जेवतात, झोपतात. लोकांना माझी दया येणार कशी? प्लॅन तयार.

१२ ऑगस्ट
आईला सांगितलं, बाबा म्हणतात आमटी खावी तर खांदेश्वरच्या गोजरा आत्याच्या हातची. बाबांना सांगितलं, आई म्हणते तिने ते बँकेतलं स्थळ नाकारायला नको होतं. आता फक्त वाट बघायची.

१३ ऑगस्ट
दोघांनी एकमेकांना सरळ विचारून टाकलं. मग दोघं सोफ्यावर शेजारी बसली आणि मला समोर उभं केलं. एक दमलं की दुसरं. मध्येच आईने बाबांना पाणी दिलं. सगळं नामदेवसमोर.
नंतर गॅलरीत गेलो, तिथे तोच उभा. वाटलं, आता हसेल. पण तो म्हणाला, "तुजं आई-बाबा एका बाजूनं बोलत्यात लका. आमच्यात असं कदीच झालं न्हाई."
मी म्हटलं, हवेत तर घेऊन जा त्यांना. जोक होता. तो आत गेला.
म्हणजे तोच माझ्यावर जळतो! मला वाटलंच होतं. शेवटी मी जिंकलो. जेवण गेलं नाही. पित्त असेल.

१ सप्टेंबर
काकू न्यायला आली. काका परत येणार नाहीत. तिला माहेरच्या गावी बालवाडीत काम मिळालंय, एक खोली भाड्याने घेतलीय, पोरगा जवळ हवाय, दहावी तिथल्याच शाळेत करेल. आई रडली. रिक्षापर्यंत ट्रंक बाबांनी उचलली. मी निरोपाचं भाषण पाठ केलं होतं, त्यात 'हे घर तुझंच आहे' असं होतं. तोंडातून 'नीट जा' एवढंच निघालं. तो 'व्हय' म्हणाला.

३ सप्टेंबर
दुपारी बेल. सेफ्टी डोअरमधून पाहिलं तर प्राची! स्वतःहून! शर्ट बदलून दार उघडलं. तिला नामदेवचा पत्ता हवा होता.
मी ऐटीत सुरुवात केली, मुक्काम पोस्ट... आणि थांबलो. काकूच्या माहेरचं गाव कुठलं ते मला माहीतच नाही. इतके दिवस एका खोलीत झोपलो, मी त्याला कधी विचारलंच नाही.
प्राचीला म्हटलं, उद्या सांगतो. ती 'बरं' म्हणाली आणि जिना उतरून गेली.
आई भाजी आणायला गेलीय. आली की विचारतो.