खो-खोतून चिनी

५ फेब्रुवारी १९७३, नगर
एलिया सर दिल्लीचं सर्टिफिकेट घेऊन आले आणि संस्थेच्या मेजरसाहेबांनी आमचा संध्याकाळचा चिनी वर्ग त्यांना दिला. मी सहायक! बासष्टच्या लढाईत सहा महिने चिन्यांच्या कैदेत काढले, तिथं भाषा शिकलो. ‘उठा’, ‘रांग लावा’, ‘गप्प बसा’, एवढं अस्सल चिनी यांच्या पुस्तकात कुठंय? सूड घेणार.

८ फेब्रुवारी
एलिया सर पत्ते वाटतात. पत्त्यावर एकेक शब्द, वाक्य जुळलं की डाव जिंकला. चांगली नोकरदार माणसं खिदळत होती. खिडकीबाहेर उभा राहून तासभर पाहिलं. तिरस्कार वाटला.

११ फेब्रुवारी
मेजरसाहेबांना म्हटलं, चार माणसं आणि एक महिना द्या. मग परीक्षा घ्या. ज्याचे विद्यार्थी सरस, वर्ग त्याचा. कबूल झाले. एलिया सर मला ‘बेस्ट लक’ म्हणाले. आतल्या गाठीचा माणूस!

१८ फेब्रुवारी
पत्त्यांना उत्तर सापडलं: खो-खो! गळ्यात पाट्या, वर चिनी शब्द, खाली मराठी. आपण ‘मी भात खातो’ म्हणतो, चिनी माणूस ‘मी खातो भात’. म्हणून ‘खातो’ मधे. तिथं माझ्या चौघांतला बन्सी, तालुक्याच्या खो-खो टीममधला. म्हणाला, "लई सोपं हाय की!"

३ मार्च
जोरदार तयारी. चौघांतल्या मार्थाबाई म्हणाल्या, एलिया सरांना एकदा दाखवू या. साफ नाही म्हटलं. मला त्यांचा पडलेला चेहरा बघायचाय. विजयाचं भाषण पाठ झालं.

१० मार्च, संध्याकाळ
परीक्षा. मेजरसाहेब खुर्चीत. एलिया सरांचे विद्यार्थी आटोपले, मग आमची पाळी. शिट्टी वाजवली, तिघं बसले. साहेब वाचायला लागले, "मी... भात. अहो, खातो कुठं गेला?"
खो-खोत एकाआड एक उलट्या तोंडानं बसतात. मी दोन्ही बाजूंनी पळायचो, त्यामुळे मला महिनाभर अख्खं वाक्य दिसत होतं. बन्सीला म्हटलं, वळ. तो म्हणाला, "तोंड फिरवलं की फाऊल हुतो. मी न्हाई." हात जोडले तरी हलला नाही.
तेवढ्यात एलिया सर उठले, पलीकडे जाऊन पाठमोऱ्या बन्सीच्या पाटीवरचे शब्द मोठ्यानं वाचून दाखवू लागले. दहाही वाक्यं. दहाही बरोबर, असंही साहेबांना सांगितलं. साहेब खूश. वर्ग एलिया सरांना, खो-खोसकट.

१२ मार्च
एलिया सरांनी शिट्टी माझ्याकडेच दिली आणि पाटी घालून स्वतः खेळायला बसले. पहिल्याच फेरीत मी त्यांना फाऊल दिला. फाऊल नव्हता. "चुकलं असेल माझं," म्हणून ते हसत बाहेर गेले.
बन्सी, मार्थाबाई, सगळे माझ्याकडे बघत राहिले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी चिनीत ओरडलो, गप्प बसा.
कोणी बोलतच नव्हतं.