उरणच्या खडकातला समुद्रससा

सर, तुमची बरणी काल सापडली. मी आता आपल्या वाशीच्या कॉलेजात तुमच्याच खोलीत बसते. कपाटं रंगवायला काढली, तेव्हा मागची रांग पुढे आली. फॉर्मलिनमध्ये राहून तो समुद्रससा उकडलेल्या बटाट्यासारखा पांढरट झालाय. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, पण चिठ्ठीवरचं तुमचं तिरकं अक्षर अजून वाचता येतं.

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा जानेवारी होता. ओहोटीला मी उरणच्या खडकांवर एकटीच गेले होते. हा गडी शेवाळात तोंड खुपसून चरतोय, बिनशंखाच्या गोगलगायीसारखं मऊ अंग, डोक्यावर दोन कान उभे. मी त्याला बादलीत घेते, तर बाजूला कालवं फोडणारी मावशी ओरडते, "अगं पोरी, डिवचू नको त्याला! जांबलं पानी सोडतंय तो." आता असं सांगितल्यावर कोण थांबेल? मी बोटाने दाबलं. बादलीभर जांभळं! कुठून येतं, किती येतं, हे बघायच्या नादात मी ते यायचं थांबेपर्यंत दाबत राहिले. मग भानावर आले, पाणी ओतून दिलं आणि ताजं भरलं. एस.टी.त कंडक्टरने विचारलं, "बादलीत काय हाय, मॅडम?" म्हटलं, ससा. "मग त्याचं तिकीट?" अख्खी गाडी हसली.

तुम्ही आम्हाला दोन जाती शिकवल्या होत्या, दिसायला सख्ख्या बहिणी. डिवचल्यावर एक जांभळा रंग सोडते. दुसरी सोडत नाही, शिवाय पायाच्या मागच्या टोकाने ताटलीला घट्ट चिकटून बसते. ही दुसरी तुम्ही उरणच्या किनाऱ्यावर कित्येक वर्षं शोधत होतात, आणि ती इथे मिळायचीच नाही म्हणून विभागातले बाकीचे तुमची थट्टा करायचे. तुम्ही पांढऱ्या ताटलीत माझा ससा ठेवलात, काचेच्या कांडीने डिवचलंत. पाणी स्वच्छच राहिलं. मी काय करून बसलेय ते मला तेव्हा कळलं.

"वाटेत रंग सोडला का गं याने?"

"नाही, सर."

"नक्की?"

"नाही सोडला."

"चिकटत नाहीये नीट. दमलाय बिचारा," तुम्ही म्हणालात. नावाबद्दल शंका असेल तर पुढे प्रश्नचिन्ह टाकायचं, यावरून तुम्ही मला सगळ्या वर्गासमोर झापलं होतं. त्या दिवशी चिठ्ठीवर दुसऱ्या जातीचं नाव लिहिताना तुम्ही स्वतः ते टाकलं नाहीत. खाली 'संग्राहक' म्हणून माझं नाव लिहिलंत आणि सगळ्यांसाठी वडे मागवलेत. मी दोन खाल्ले. तुम्हाला इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं, आणि तुमच्या शोधातलं जनावर मीच आणलं असं व्हावं, ही माझीही हाव होतीच.

काल मी तो भिंगाखाली घेतला. पायाच्या टोकाला चिकटायची चकती नाही. कडेला बारीक गोल ठिपके अजून पुसट दिसतात. म्हणजे नेहमीचाच, जांभळा रंग सोडणारा. पण मला वेगळंच कुतूहल छळतंय. तुम्ही या बरणीवर कधी निबंध लिहिला नाहीत, कुठल्या परिषदेत ती दाखवली नाहीत. नंतर कधीतरी तुम्हीही भिंग लावून पाहिलंत का? कळलं होतं का तुम्हाला? आणि कळलं असेल, तर माझी लाज राखलीत, की मी येऊन सांगेन म्हणून वाट पाहिलीत? तुम्ही निवृत्त होईपर्यंत मी रोज तुमच्या दारावरून गेले. विचारायला हवं होतं, फार वाईट वाटतंय.

आज नवी चिठ्ठी केली, योग्य जात लिहिली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'रंग सोडल्याची नोंद नाही'. तो मी शेवटच्या थेंबापर्यंत पाहिला होता, एवढं एक वाक्य मला आजही लिहवलं नाही, सर.