एकशे अठरावा प्रश्न

४ नोव्हेंबर, सोमवार

पोचले एकदाची. घरून, रोसारिओहून, बारा तास बस, त्यातले शेवटचे चार तास खिडकीबाहेर नुसतं गवत आणि गाई. पण सांता एल्विराला उतरताच मन खूश झालं. गाव म्हणजे एक चौक, एक चर्च, धान्याचा एक उंच सायलो आणि आमची सहकारी संस्था. वीज, पाणी, फोन, इंटरनेट सगळं संस्थेचंच. मेल्यावर शवपेटीसुद्धा तिथूनच मिळते.

कचेरी सांभाळणाऱ्या दोन्या नेलिदा, म्हणजे नेलिदाबाई, दारातच उभ्या होत्या. वय सत्तरीचं, केस तांबडे रंगवलेले, आवाज असा की माइकची गरज नाही. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "एवढीशीच पाठवली? इथल्या वाऱ्यात टिकायचीस का गं, फ्लाका?" आता गावभर मी फ्लाका. बारीक आहेच, तक्रार कसली करणार! कचेरीमागच्या खोलीत माझी सोय केलीय. पलंग चांगला आहे, अंगणात अंजिराचं झाड आहे.

पाच आठवड्यांचं काम. माझी लेक देल्फी माझ्या बहिणीकडे, ऑरेलियाकडे आहे, आणि ऑरेलिया तिचे माझ्यापेक्षा जास्त लाड करते. तरी निघताना पोरीने माझा हात गळ्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली. ११ डिसेंबरला शाळेत तिचा नाच आहे, या वर्षी मधोमध उभी राहणार आहे आणि मी पहिल्या रांगेत हवी. आठ वर्षांच्या बाईला शब्द दिलाय, मोडायची माझी छाती नाही.

६ नोव्हेंबर, बुधवार

काम मजेचं आहे. गावाच्या पंपांची, विजेची, फोनची मिळून सहा जुनी यंत्रं होती. आता ती सहाही एकाच मोठ्या सर्व्हरच्या पोटात आभासी यंत्रं म्हणून राहतात. प्रत्येकाला वाटतं, आपण खरेखुरे आणि स्वतंत्र आहोत. त्यांच्यासाठी मला नवं कर्नेल बांधायचंय. कर्नेल म्हणजे यंत्राच्या आतला कारभारी. बांधण्याआधी तो हजारो प्रश्न विचारतो. हे हवं का? होय. ते हवं का? नाही. जे यंत्र मुळात नाहीच, त्याला आवाजाचं कार्ड कशाला? नाही. प्रिंटर? नाही. घड्याळ? होय, होय.

प्रत्येक प्रश्नाखाली मदतीची टीप असते आणि तिच्या शेवटी लिहिलेलं असतं, 'खात्री नसेल तर नाही म्हणा' किंवा 'खात्री नसेल तर होय म्हणा'. मला ते वाक्य फार आवडतं. लग्नाआधी मला कुणी असं लिहून दिलं असतं तर!

माझ्याआधीचा माणूस ओलेगारियो अजून इथेच आहे, काम सोपवतोय. एकसष्ट वर्षांचा, अबोल. बावीस वर्षं हीच खुर्ची. दोन्या नेलिदा त्याला तोंडावर 'पंपाचा नवरा' म्हणतात. म्हणे या बावीस वर्षांत तो गाउचितो या लोकसंताच्या देवळीपलीकडे एकदाही गेला नाही. देवळी गावाबाहेर दोन किलोमीटरवर आहे, रस्त्याकडेला, लाल झेंड्यांची. त्याची आई चाळीस किलोमीटरवर वारली, तेव्हाही गेला नाही, पंप बघायचेत म्हणाला. त्याच्यासमोरच हे सांगून त्या हसल्या. तो माटेच्या कडू चहाची नळी चोखत राहिला. मला त्याची कीव आली आणि थोडा रागही आला. असला कसला मुलगा!

१३ नोव्हेंबर, बुधवार

झालं! नवं कर्नेल चढलं, सहाही यंत्रं सुरू झाली.

एक युक्ती सगळेच करतात. जुनी उत्तरांची फाइल दिली की प्रोग्राम फक्त नवे प्रश्न विचारतो. ओलेगारियोची फाइल दिली, एकशे अठरा प्रश्न निघाले. दुपारचा एक वाजून गेलेला, दोन्या नेलिदा किल्ल्या खुळखुळवत उभ्या. त्यांची वामकुक्षी चुकली की संध्याकाळपर्यंत कुणाचं खरं नाही. मी एंटरवर बोट दाबून धरलं. एंटर म्हणजे जे ठरलेलं उत्तर आहे तेच घे. प्रश्न पावसासारखे पडत गेले. शेवटचा तेवढा स्पॅनिशमध्ये दिसला, बाकी सगळे इंग्रजीत. वाचेपर्यंत उत्तर गेलंही होतं. जाऊ दे.

मधे माटे ओतताना घाईत किटलीला हात लागला, तर्जनीवर टपोरा फोड आलाय.

एक गंमत झाली. सर्व्हर परत सुरू झाला, तेव्हा मी खुर्चीत माटे घेऊन बसलेली आणि ओलेगारियो माझ्यामागेच उभा होता. भिंतीवरच्या घड्याळात एक चाळीस. त्याने माटेचा तुंबा खाली ठेवला आणि टोपीसुद्धा न घेता निघून गेला. मघाशी दोन्या नेलिदा सांगत आल्या की तो दोनच्या बसने गेला, देवळी ओलांडून! बावीस वर्षांत पहिल्यांदा! ड्रायव्हरने म्हणे हॉर्न वाजवला. जाताना माझा निरोपही घेतला नाही. विचित्र माणूस.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

हे नीट लिहून काढायला हवं.

शनिवार-रविवारसाठी घरी निघाले होते. देल्फीला सांगितलं नव्हतं, तिला चकित करणार होते. बॅग बसच्या पोटात टाकली, खिडकीची जागा मिळाली. सायलो गेला. लाल झेंडे दिसले. नंतर मी कचेरीत होते, सर्व्हरसमोरच्या खुर्चीत, हातात गरम माटे.

झोप नाही, चक्कर नाही, काहीच नाही. घड्याळात दोन वाजून सात मिनिटं, म्हणजे बस देवळीपाशी असण्याचीच वेळ. दोन्या नेलिदा आपल्या घरी झोपलेल्या. आणि बोटावरचा फोड, जो काल फुटून सुकत आला होता, तो टपोरा, ताजा, तसाच दुखणारा.

उन्हाने डोकं फिरलं असेल. बसलेच नसेन बसमध्ये.

१६ नोव्हेंबर, शनिवार

ऑरेलियाचा फोन. माझी बॅग रोसारिओला पोचलीय. बसस्थानकावरून फोन आला म्हणून ती घेऊन आली. विचारत होती, "बाई, बॅग पाठवलीस, स्वतःला टाकायला विसरलीस का?" मी हसले. आणि फोन ठेवून दिला.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

चार वेळा करून पाहिलं. सायकलने. चालत. दोन्या नेलिदांच्या पुतण्याच्या गाडीतून. तो तर भलताच घाबरला, शेजारची सीट एकदम रिकामी. आता मला बघून रस्ता बदलतो. शेवटी शेतातून गेले, रस्ता सोडून. दर वेळी त्या झेंड्यांच्या रेषेत खुर्ची, माटे, फोड.

आभासी यंत्राची एका क्षणाची पुरती प्रत काढून ठेवता येते. काही बिघडलं की यंत्र परत त्या क्षणात. हे मीच लोकांना शिकवते. वर्गात टाळ्या घेते.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

उत्तरांची फाइल ओळन्‌ओळ वाचली. शेवटी सापडलं, एकशे अठरावं.

'चालवणाऱ्याला राखून ठेवा: होय.'

टीप अशी: 'यंत्रासोबत ते चालवणारं माणूसही राखलं जाईल. एका वेळी एकच. खात्री नसेल तर होय म्हणा.'

मूळ प्रोग्राममध्ये हे कुठेच नाही. एकेक फोल्डर शोधून झालं.

बंद करायला गेले. जे बदलता येतं त्याच्या शेजारी कंस असतो; इथे कंस नाही, दोन आडव्या रेघा आहेत. म्हणजे दुसरं काहीतरी यावर टेकलंय, याला हात लागत नाही. टेकलाय पाण्याचा पंप. फाइलमध्ये हाताने 'नाही' लिहिलं. प्रोग्रामने गुपचूप परत 'होय' करून टाकलं. मग पंपाचं यंत्रच बंद केलं. पाऊण तासात सगळं गाव दारात, चाळीस डिग्री उन्हात, रिकाम्या बादल्या घेऊन. दवाखान्याची नर्स रडत होती. चालू केलं. काय करणार होते?

२५ नोव्हेंबर, सोमवार

ओलेगारियोचा नंबर मिळवला. तो समुद्रकाठी नेकोचेआला आहे. मागे लाटा ऐकू येत होत्या. माझा आवाज ऐकून तो रडला. म्हणाला, "पोरी, मी समुद्र पाहिला नव्हता गं. एकसष्ट वर्षं झाली, समुद्र पाहिला नव्हता."

त्याच्यासाठीही तो प्रश्न असाच आला होता, तोही घाईत होता. त्याने सांगितलं ते एवढंच. प्रश्न एका माणसाला एकदाच विचारतात. नव्या बोटाने एंटर दाबलं की जुनं माणूस सुटतं. बाकी काही नाही, त्याने सगळं करून पाहिलंय.

मी त्याला तोंडात येईल ते बोलले. शेवटी म्हणाला, परत फोन करू नकोस. तूही हेच करशील.

३० नोव्हेंबर, शनिवार

नाही करणार.

देल्फीने फोनवर नाचाची गिरकी घेऊन दाखवली. पडद्याबाहेर गेली, परत आली. विचारलं, पहिली रांग ना? मी हो म्हणाले.

३ डिसेंबर, मंगळवार

दोन्या नेलिदांना सांगितलं, मदतीला माणूस हवा, एकटीला झेपत नाही. त्या म्हणाल्या, "महिन्यातच दमलीस? पंपाची सून व्हायला निघालीस, सासुरवास सोसायला नको?" पण माणूस ठरवला. बाईया ब्लांका शहराचा आहे, मंगळवारी दहा तारखेला येतो. दहाला तो बसला की रातोरात निघून अकराला शाळेत पोचते.

त्याला दोन मुलं आहेत असं त्या सांगायला लागल्या. मी विषय बदलला. नावं ऐकायची नव्हती.

६ डिसेंबर, शुक्रवार

तयारी झाली. पडद्यावर तो एकच प्रश्न ठेवलाय. एंटर दाबलं की पुढचं आपोआप — बांधणी, चढवणं, सर्व्हर परत सुरू. मधे थांबवता येणार नाही असंच केलंय. त्याने शेवटच्या क्षणी वाचलं तर?

असं मी केलंय. मी.

जेवण जात नाही. तरी पडदा बंद करत नाही.

८ डिसेंबर, रविवार. सकाळ

दारात ऑरेलिया आणि देल्फी! मारियामातेचा सण, म्हणून रात्रभर बसने. मला चकित करायला. माझी बॅगही आणलीय, आणि हातभर उंचीचं प्लास्टिकचं ख्रिसमसचं झाड, आजच मांडायचं म्हणून. देल्फी मानेला लटकली ती सुटेना. किती उंच झाली महिन्यात. मी इतकी रडले की ऑरेलिया घाबरली. तिला सगळं सांगितलं. ती म्हणते उद्या डॉक्टर गाठू. सांगू दे काहीही. आज पोर जवळ आहे.

८ डिसेंबर. दुपार

जेवलो. कचेरी बंद, गाव झोपलेलं. उकाडा असह्य, थंड हवा फक्त सर्व्हरच्या खोलीत, म्हणून देल्फीला तिथे चटईवर — मीच निजवलं. मीच. कितीक रात्री झोप नाही, स्वयंपाकघरातल्या टेबलावर डोकं ठेवलं आणि —

तिने हलवून उठवलं. झोप येत नव्हती म्हणे. म्हणाली, "आई, तुझं काम मी केलं. तो एकच विचारत होता, मी होय म्हटलं." इतकी खूश.

धावले. सर्व्हर सुरू होत होता. केबल ओढली. खूप उशिरा की वेळेत — कळत नाही. परत जोडली, यंत्रं सुरू झाली, पडदा मात्र काळा. काहीच सांगत नाही.

८ डिसेंबर. तीन वाजून वीस

बोटावर फोड नाही. सकाळी होता का? आठवत नाही, आठवत नाही.

एकच मार्ग आहे कळायचा. एका वेळी एकच. मी अडकलेली असेन तर ती मोकळी.

ऑरेलियाला सांगितलं, देल्फीला खुर्चीपासून लांब ठेव, मी आलेच. वही घेतलीय. चालता चालता लिहितेय.

सायलो गेला.

ती खुर्ची मला इतकी कधीच नको होती, आणि आता — मला परत फेक. कुणीही असशील, मला फेक. बावीस वर्षं घे. चाळीस घे. नाच नाही बघणार. मी बसते. मी बसते ना.

झेंडे दिसतायत. वारा नाही, लोंबतायत नुसते.

पन्नास पावलं असतील.

वीस. डोळे मिटून चालावंसं वाटतंय. आता होईल. माटे हातात येईल. आता.

पाच —

देवळी. मेणबत्त्या वितळल्यात. आता —

आता —

झेंडे मागे गेले. मी अजून रस्त्यावरच आहे, वही माझ्या हातात, पुढे अजून दहा पावलं, अजून वीस, कुणी थांबवत नाही, देल्फी, बाळा मी —